एक गुण

जिंकून आलेल्या माणसाला “तुम्ही कसे जिंकलांत?” असें कोणी विचारीत नाहीं. लोक पेढे मागतात आणि आपल्या कामाला लागतात. हरून आलेल्या माणसाला मात्र “कसे हो हरलांत?” हा प्रश्न ज्याला त्याला विचारावासा वाटतो. त्यांत दुष्टपणा मुळींच नसतो. हरण्याला कांहीं तरी कारण असलेंच पाहिजे, आणि तें ऐकून घेतल्यावांचून नीटशी सहानुभूति दाखवितां येत नाहीं, अशी एक समजूत आपल्यांत रूढ आहे, इतकेंच. त्यामुळें हरलेल्या माणसाला आपल्या पराभवाबरोबर त्याचें एक सुटसुटीत कारणहि, पावसाळ्यांतल्या छत्रीप्रमाणें, सदैव जवळ बाळगावें लागतें. मीं असें एक कारण दोन वर्षें बाळगलें. तें खोटें नव्हतें. पण तें अर्धें होतें. उरलेलें अर्धें सांगण्यासाठींच आज हें लिहावयास बसलों आहें.

मी टेनिसचा धंदेवाईक खेळाडू होतों असें सांगितलें, कीं ऐकणाराच्या डोळ्यांपुढें विम्बल्डनचें हिरवेंगार गवत आणि पांढरे शुभ्र कपडे उभे राहतात. हा गैरसमज प्रथम दूर केला पाहिजे. टेनिसच्या धंद्याला पुष्कळ मजले आहेत. विम्बल्डन हा त्यांतला सर्वांत वरचा. मी आठ वर्षें जेथें बिऱ्हाड केलें तो अगदीं तळचा, किंबहुना जिन्याखालचाच म्हणाना. तेथील एका स्पर्धेंत सर्वांना मिळून १५,००० डॉलरचीं बक्षिसें असतात, आणि मुख्य स्पर्धेच्या पहिल्याच फेरींत हरणाराच्या हातावर त्यांतले १५६ डॉलर पडतात. चेंडू वेंचून द्यावयास तेथें मुलें नसतात. ज्यानें त्यानें आपले चेंडू आपणच वेंचावयाचे. प्रेक्षक म्हणजे पुढच्या सामन्याची वाट पाहणारे एक-दोन खेळाडू आणि, वेळ बरी असली तर, एखादें मांजर.

ह्या जिन्याखालून वर जाण्याची पहिली पायरी म्हणजे एक गुण. जगांतील धंदेवाईक पुरुष खेळाडूंची क्रमवारी १९७३ सालापासून गणकयंत्राच्या साहाय्यानें काढतात. त्या यादींत नांव येण्यास निदान एक गुण पदरीं असावा लागतो, आणि आमच्या तळमजल्यावर तो मुख्य स्पर्धेंतील पहिला सामना जिंकणाराला मिळतो. हरणाराला शून्य. एका गुणानें माणूस मोठा होतो असें नाहीं. यादीच्या शेवटीं, आपल्यासारख्याच एक-गुणी मंडळींच्या दाटींत, त्याचें नांव लागतें, एवढेंच. पण ज्याचें नांव कोठेंच नाहीं त्याला त्या दाटीचें मोल विचारावें!

सन २०२२ च्या नोव्हेंबरांत हा एक गुण माझ्या हाताच्या अंतरावर आला होता.

ट्युनिशियाच्या किनाऱ्यावर मोनास्तिर म्हणून एक गांव आहे. समुद्राला लागून असलेला प्राचीन किल्ला, आणि त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबा ह्यांची जन्मभूमि व समाधि, हे त्या गांवाचे दोन मान. टेनिसवाल्यांना मात्र तें निराळ्याच कारणासाठीं ठाऊक असतें. वर्षांतील बहुतेक आठवडे तेथें आमच्या तळमजल्यावरच्या स्पर्धा चालतात. देशोदेशींचीं तरुण मुलें रॅकेटांच्या लांब पिशव्या पाठीला लावून तेथें उतरतात, दोन-तीन आठवडे मुक्काम ठोकतात, आणि त्यांतलीं बहुतेक आलीं तशींच परत जातात. मीहि तेथें तिसऱ्यांदा गेलों होतों. पात्रतेच्या फेऱ्या जिंकून मीं मुख्य स्पर्धेंत पाऊल ठेवलें, आणि पहिल्या सामन्यांत माझ्याहून सहा वर्षांनीं लहान असलेला एक उंच फ्रेंच मुलगा समोर आला.

पुढें जाण्यापूर्वीं एका वहीची ओळख करून दिली पाहिजे. माझे वडील बँकेंत हिशेबनीस होते. मी बारा वर्षांचा असल्यापासून त्यांनीं लाल कापडी बांधणीची एक लांबट वही घातलेली आहे. तिच्या डाव्या पानावर खर्च : आगगाडीचें भाडें, रॅकेटला नव्या तारा ओढल्याची मजुरी, बूट, आणि पुढें पुढें विमानाचीं तिकिटें. उजव्या पानावर जमा; आणि जमेच्या बाजूस लिहिण्याजोगें फारसें नसल्यामुळें त्या जागीं सामन्याचा निकाल व एका ओळीचा शेरा. वडिलांनीं जन्मांत कधीं रॅकेट हातीं धरलेली नाहीं. तरीहि माझा प्रत्येक सामना त्यांच्या सुवाच्य अक्षरांत तेथें नोंदलेला आहे. मोनास्तिरला जातांना त्या वहीचीं शेवटचीं चार-पांच पानें कोरीं होतीं. तीं संपलीं कीं नवी वही घालावयाची नाहीं, असें आम्हां दोघांपैकीं कोणीच बोललें नव्हतें. पण दोघांनाहि तें ठाऊक होतें.

सामना सुरू झाला तेव्हां आमच्या पुण्यांत दुपारचे साडेतीन वाजले होते. वडील फोनवर आंकडे पाहत बसले होते. हल्लीं आमच्यासारख्यांच्या सामन्यांचेहि आंकडे गुणागणिक फोनवर येतात. चित्र नाहीं, आवाज नाहीं, नुसते आंकडे बदलत जातात.

पहिला सेट मीं ६-४ असा घेतला. दुसरा त्यानें ६-३ असा. तिसऱ्यांत मी ५-२ असा पुढें गेलों. सर्व्हिस माझी होती, आणि गेमचा आंकडा ४०-१५ झाला. टेनिसशीं परिचय नसलेल्या वाचकांसाठीं ह्याचा अर्थ सांगतों : सामना संपविण्याची संधि मला लागोपाठ दोनदां मिळणार होती, आणि त्यांपैकीं एकदांच यश यावयास हवें होतें.

पहिल्या संधीला मीं सर्व्हिस केली. त्या मुलानें कशीबशी रॅकेट घातली. चेंडू जाळ्याच्या वरच्या पांढऱ्या पट्टीला लागला, क्षणभर तेथेंच बसतो कीं काय असें वाटलें, आणि मग माझ्या बाजूला अलगद गळून पडला. मी धांवलों, पण पोहोंचलों नाहीं. मुलानें रॅकेट उंचावून माझी क्षमा मागितली. नशिबानें मिळालेल्या गुणाबद्दल प्रतिस्पर्ध्याची क्षमा मागावी अशी टेनिसमध्यें रीत आहे. मीं मान हलविली. आंकडा ४०-३० झाला.

येथें माझी गोष्ट दोन वर्षें संपत असे. “पुढें धीर खचला, आणि सामना ५-७ असा गेला,” एवढें एक वाक्य जोडलें कीं झालें. ऐकणारे हळहळत. “अंगीं गुण असून गुण मिळाला नाहीं!” असा श्लेष आमच्या शेजाऱ्यांनीं केला. एका आप्तांनीं तर माझी तुलना कर्णाशीं केली. ऐन युद्धांत पृथ्वीनें रथाचें चाक गिळावें, तसें त्या जाळ्यानें माझें नशीब गिळलें, असें ते म्हणाले. मीं तें मुकाट्यानें ऐकून घेतलें. कर्णाशीं झालेली तुलना कोणाला आवडत नाहीं?

सामना संपल्यावर मीं घरीं फोन केला होता. वडील म्हणाले, “आंकडे पाहिले. जेवलास का?” मीं त्यांनाहि जाळ्याला लागलेल्या चेंडूची हकीकत सांगितली. ते “हूं” म्हणाले. घरीं आल्यावर वही उघडून पाहिली तों शेऱ्याच्या जागीं ओळ होती : “चेंडू जाळ्याला लागून पलीकडे पडला, असें चिरंजीव सांगतात.”

त्या रात्रीं मोनास्तिरच्या खोलींत मला झोंप येईना. हरलेल्या सर्व टेनिसवाल्यांची जणुं कुलस्वामिनी असलेली एक बाई आहे, तिची मला आठवण झाली. याना नोवोत्ना. १९९३ सालच्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यांत ती स्टेफी ग्राफविरुद्ध खेळत होती. शेवटच्या सेटमध्यें ती ४-१ अशी पुढें होती. सर्व्हिस तिची, आंकडा ४०-३०. एक गुण मिळाला कीं ५-१. तेथें तिनें डबल फॉल्ट केला. म्हणजे एका गुणासाठीं मिळणाऱ्या दोन्ही सर्व्हिस तिनें चुकविल्या. त्यानंतरचे पांचहि गेम ग्राफनें जिंकले. बक्षीससमारंभांत केंटच्या डचेसनें कांहीं समजुतीचे शब्द उच्चारतांच नोवोत्नाला रडूं कोसळलें, आणि त्या राजघराण्यांतील बाईच्या खांद्यावर तिनें मान टेकली. तें दृश्य मीं त्या रात्रीं फोनवर पुनः पुन्हां पाहिलें.

नोवोत्नाची गोष्ट सांगणारे लोक ती तेथें सोडीत नाहींत. १९९७ सालीं ती पुन्हां अंतिम सामन्यांत आली, आणि पहिला सेट जिंकूनहि मार्टिना हिंगिसकडून हरली. १९९८ सालीं तिसऱ्यांदा आली आणि जिंकली. २०१७ सालीं अवघ्या ४९ व्या वर्षीं ती वारली, तेव्हां तिच्या त्या रडण्याची आणि त्या विजयाची अशी जोडीनेंच सर्वांना आठवण झाली. अश्रूंना शेवटीं करंडक मिळाला कीं गोष्ट कशी गोड होते! पण मला त्या रात्रीं वाटलें, कीं जगांतल्या बहुतेक हरलेल्यांच्या आयुष्यांत १९९८ साल येतच नाहीं. माझ्या तर नाहींच आलें. पुढच्या दोन स्पर्धांत मी पात्रतेच्या फेरींतच गारद झालों, डिसेंबरांत पुण्यास परतलों, आणि आज एका कोर्टावर लहान मुलांना टेनिस शिकवितों. त्या यादींत माझें नांव कधींच लागलें नाहीं.

नोवोत्नाच्या आणि माझ्या गोष्टींत आणखीहि एक भेद होता. तो त्या रात्रीं मला दिसला होता. पण मीं त्याच्याकडे पाठ फिरविली. तिची चूक हजारों लोकांच्या डोळ्यांदेखत झाली होती. जाळ्याची, वाऱ्याची वा नशिबाची सबब तिला सांगतांच आली नसती. माझ्या सामन्याला साक्षी होते एक पंच, तो फ्रेंच मुलगा, आणि बांकाखालीं झोंपलेलें एक मांजर. त्यांच्यापैकीं कोणीहि सदाशिव पेठेंत येण्याचा संभव नव्हता.

माझ्या अर्ध्या कारणाला पहिला तडा गेला तो रॉजर फेडररमुळें. सन २०२४ च्या जूनमध्यें त्यानें अमेरिकेंतील डार्टमथ कॉलेजांत पदवीदानाच्या वेळीं भाषण केलें. त्यांत त्यानें आपलाच एक हिशेब मांडला. आयुष्यांत एकेरीचे १,५२६ सामने तो खेळला, आणि त्यांतले शेंकडा ८० च्या जवळपास जिंकला. परंतु ह्या सर्व सामन्यांतले गुण मोजले तर त्यानें जिंकलेले गुण भरतात शेंकडा ५४ च! म्हणजे आमच्या काळांतल्या ह्या श्रेष्ठ खेळाडूनें दर शंभरांतले ४६ गुण घालविले होते.

मी हिशेबनिसाचा मुलगा. हा आंकडा वाचल्यावर मला स्वस्थ बसवेना. फेडररसारखा खेळाडू जर दर दोन गुणांमागें जवळजवळ एक घालवितो, आणि तरीहि सामने जिंकतो, तर जाळ्याला लागून गेलेल्या एका गुणानें माझा सामना कसा गेला? असे गुण जावयाचेच. पावसाळ्यांत पागोळ्या गळावयाच्याच. तेवढ्यानें घर पडत नाहीं. तेव्हां माझें घर पडलें तें दुसऱ्या कशानें तरी.

आतां तें सांगतों. आंकडा ४०-३० होता. सामना संपविण्याची दुसरी संधि अजून माझीच होती. मी सर्व्हिसच्या रेषेवर उभा आहें असें पंचांना दिसलें असेल. वास्तविक मी तेथें नव्हतोंच. मी घरीं गेलों होतों. फोन वाजतो आहे, आई तो उचलते आहे, आणि मी तिला एकच शब्द सांगतों आहें : “मिळाला.” त्यावर ती काय म्हणेल तें मी कान देऊन ऐकत होतों. माझा हात पहिली सर्व्हिस करून मोकळा झाला. ती जाळ्यांत गेली. दुसरी सर्व्हिस मी झोंपेंतहि करूं शकेन असें मला वाटे; ती रेषेच्या वीतभर बाहेर पडली. त्या मुलानें रॅकेट उंचावली नाहीं. अशा गुणाबद्दल क्षमा मागण्याची रीत नाहीं. आणि तो तरी काय म्हणून मागेल? त्यानें कांहींच केलें नव्हतें. पुढचे पांचहि गेम त्यानें जिंकले. कर्णाच्या रथाचें चाक पृथ्वीनें गिळलें, हें खरें असेल. माझ्या रथाचें चाक शाबूत होतें. मीच रथांतून उतरून घरीं निघालों होतों.

ह्या बाबतींत टेनिससारखा निर्दय खेळ क्वचितच सांपडेल. क्रिकेटमध्यें पाऊस येतो, दिवस मावळतो, सामना अनिर्णित राहतो. फुटबॉलमध्यें पुढें असलेला संघ चेंडू कोपऱ्यांत नेऊन वेळ काढूं शकतो. बुद्धिबळांत हात पुढें करून बरोबरी मागतां येते. टेनिसमध्यें ह्यांपैकीं एकहि सोय नाहीं. घड्याळ तुमच्या वतीनें सामना जिंकून देत नाहीं. शेवटचा गुण तुम्हांलाच, तुमच्याच हातानें जिंकावा लागतो. तोंपर्यंतची आघाडी ही मुदतीच्या ठेवीसारखी असते. ती आपली असते खरी, पण मुदत भरेपर्यंत खर्च करावयाची नसते. मीं ती एक गुण आधींच खर्च करून टाकली.

खुद्द फेडररहि ह्यांतून सुटलेला नाहीं. २०१९ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यांत पांचव्या सेटमध्यें तो ८-७ असा पुढें होता. सर्व्हिस त्याची, आणि आंकडा, माझा होता तोच, ४०-१५! दोन्ही संधि गेल्या, आणि चार तास सत्तावन्न मिनिटांनंतर सामना जोकोव्हिचनें जिंकला. त्या सामन्यांत एकंदर गुण फेडररचे २१८ आणि जोकोव्हिचचे २०४. चौदा गुण अधिक मिळवूनहि तो हरला. हें वाचून माझें समाधान झालें असें कोणी समजूं नये. त्याच्या दुसऱ्या संधीला जोकोव्हिचनें चेंडू त्याच्या आवांक्याबाहेरून मारला होता. तो गुण दुसऱ्यानें जिंकला होता. माझा कोणीच जिंकला नव्हता.

इतकें उमगूनहि मी कांहीं महिने गप्पच राहिलों. दोन वर्षें सांगितलेली गोष्ट बदलणें सोपें नसतें. ऐकणारांना ती आपल्याइतकीच पाठ झालेली असते. सन २०२४ च्या दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं वडिलांनीं नेहमींप्रमाणें पाट मांडला. नवी केरसुणी, थोडे पैसे, लाह्या-बत्तासे, आणि नोकरी सुटली तरी न सुटलेल्या त्यांच्या हिशेबाच्या वह्या. त्यांत ती लाल वहीहि होती. तिचीं शेवटचीं दोन पानें तशींच कोरीं राहिलीं आहेत.

बत्तासे मांडतां मांडतां आई सहज म्हणाली, “त्या तुझ्या सामन्याच्या दिवशीं मी देवापुढें साखर ठेवायला उठलें होतें. ह्यांनीं उठूं दिलें नाहीं. ‘थांब, अजून एक गुण बाकी आहे,’ म्हणाले.”

मी वडिलांकडे पाहिलें. ते समईची वात सारखी करीत होते. ज्यांनीं कधीं रॅकेट हातीं धरली नाहीं ते त्या क्षणीं, पुण्यांत बसून, कोर्टावर होते. आणि मी कोर्टावर उभा राहून पुण्यांत होतों.

“बाबा,” मी म्हणालों, “त्या वहींतला एक शेरा चुकला आहे. पुरा नाहीं.”

“ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “जाळ्याला लागून चेंडू एकदांच पडला ना? त्यानें ४०-१५ चे ४०-३० होतात. पुढें तुमचे बरोबरीचे आंकडे आले. दोन गुण गेले होते; तूं सांगितलास एकाचा हिशेब.”

“मग तेव्हांच कां नाहीं विचारलेंत?”

“खर्च ज्यानें केला, पावती त्यानें आणून द्यायची असते,” वडील म्हणाले. त्यांनीं पाटावरची वही उचलली, तें पान काढलें, आणि माझ्यापुढें धरलें. शेऱ्याच्या ओळीखालीं एक ओळभर जागा त्यांनीं कोरी सोडलेली होती. इतकीं वर्षें ती वही मीं चाळली असेन; ती जागा माझ्या लक्षांत आली नव्हती.

मीं त्यांचें पेन घेऊन लिहिलें : “दुसरा गुण मीं स्वतः घालविला. दोन्ही सर्व्हिस चुकल्या.” माझें अक्षर त्यांच्या अक्षरांच्या मानानें फारच वेडेंवांकडें दिसत होतें. वडिलांनीं शाई वाळेपर्यंत वाट पाहिली, वही मिटून पाटावर ठेवली, आणि तिला हळदकुंकू वाहिलें. मग आईकडे वळून ते म्हणाले, “आतां ठेव साखर.”